सोमवारच्या डब्या

वत्सला जतकरांनी पद्माचा जेवणाचा डबा भर रस्त्यात उघडायला लावला, तेव्हा मी समोरच्या गॅलरीत उभी होते. सोळा सप्टेंबर, मंगळवार, सकाळचे साडेदहा. डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी होती. वत्सलाने चमच्याच्या टोकाने झुणका उलटा केला, खाली काही दडवलंय का ते पाहिलं आणि चमचा तिथेच पायरीवर टाकून दिला. घरात परत नेला नाही. पद्मा हात सोडून उभी होती. कोपऱ्यावरची इंदुमती भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. पिशवी चांगली जड दिसत होती, तरी ती हलली नाही.

मी आत आले आणि हे सगळं वहीत लिहून ठेवलं. भाकऱ्या दोन होत्या हेही लिहिलं. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही. साठ वर्षं मी रोज वही लिहिते आहे. त्यातलं हे पान वाचताना मला वत्सलाचा राग येतो आणि तेवढाच माझाही येतो.

पद्मा मैनाळे हुबळीची. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा उतरवला, तो उतरवलाच. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. पद्मा कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकली, लग्न झालं, नवरा लवकर गेला. मग ती देशपांडे नगरातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे झाडलोट करायला लागली आणि तिथे एकोणीस वर्षं राहिली. झाडू पहिल्या दोन वर्षांतच सुटला. चावऱ्या कुत्र्याचं तोंड गॉजच्या पट्टीने कसं बांधायचं, सुई टोचताना त्याचं डोकं काखेत कसं धरायचं, पिल्लू दूध का पीत नाही, हे सगळं ती तिथे शिकली. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा एक नेम होता. जनावर आलं की आधी त्याची शी बघायची. रंग, घट्ट की पातळ, वास, आणि आत न पचलेलं काय आहे. "तू बघ, लिही, मग मला बोलाव," असं ते पद्माला सांगत. ती शाळेच्या वहीत कन्नडमध्ये लिही.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. गेली सहा वर्षं पद्मा रोज सकाळी हुबळीहून चिगरी बसने धारवाडला येते आणि आमच्या मळमड्डीतल्या चार घरांतली कुत्री फिरवते, धुते, त्यांचे कान साफ करते. कुत्र्यांशी ती कन्नडमध्ये बोलते आणि माणसांशी मराठीत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाली, "अक्का, कुत्र्यांना कन्नडच कळतं. मराठीत सांगितलं की ती विचार करत बसतात."

जतकरांचा टायगर हा तिचा सगळ्यात लाडका. लॅब्राडोर, सात वर्षांचा, नाव टायगर आणि चाल म्हशीची. फाटकातून बाहेर पडताना पद्मा त्याला म्हणायची, "या सावकार! पोट आधी येऊ दे, तुम्ही मागून या." चार पायऱ्या चढला की तो बसून घ्यायचा. पोट सतत बिघडलेलं, वारा सुटायचा तो असा की वत्सलाचे यजमान यशवंतराव वर्तमानपत्र घेऊन अंगणात जायचे.

यशवंतराव जतकरांची अमरगोळच्या बाजार समितीच्या यार्डात मिरचीची अडत आहे. मूळ घराणं जतचं, कुलदैवत खंडोबा. गल्लीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, टायगर आला तो त्यांच्या मोठ्या आजारपणानंतर. देवाला कुत्रा प्रिय, म्हणून तो देवाचा कुत्रा. दर रविवारी पूजा झाली की नैवेद्याचा पहिला वाटा त्याचा. ही काही लपलेली गोष्ट नव्हती. हे पुढे लक्षात ठेवावं लागेल.

ऑगस्टमध्ये जनावरांच्या डॉक्टर दीपाली घरी आल्या, कारण टायगर गाडीत चढेना. त्या दिवशी मीही जतकरांच्या ओसरीवर बसले होते. वजन भरलं शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. हवं होतं तेहेतीसच्या आसपास.

"नुसतं वजन नाही," दीपाली म्हणाल्या. "कुत्र्याच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. सगळे वाईट नसतात. अन्नातला चोथा तेच पचवतात, त्यातून आतड्याच्या उपयोगाचं काही तयार करतात. जाड कुत्र्यांमध्ये ही वस्ती बऱ्याचदा बिघडलेली सापडते. काही जंतू माजतात, काही कमी होतात. आधी काय बिघडलं, वजन की जंतू, ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. पण खाणं बदललं की वस्ती बदलते, एवढं दिसलंय."

यशवंतराव म्हणाले, "म्हणजे याच्या पोटातसुद्धा यार्डच भरलाय म्हणा. एकाचा माल वर, एकाचा पडून."

"आणि अडत्या कोण, तुम्ही की मी?" वत्सला म्हणाली. सगळे हसले. पद्माही हसली.

दीपालींनी एक तक्ता दिला. सकाळी किती ग्रॅम, संध्याकाळी किती ग्रॅम, आणि शेवटचा रकाना 'इतर काही दिलं का'. आठ आठवडे दर सोमवारी आणि गुरुवारी शीचा नमुना झाकणाच्या डबीत घालून दवाखान्यात पोचवायचा. तिथून तो बर्फात बांधून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जायचा. नमुना घेणं पद्माकडे, तक्ता वत्सलाकडे. वत्सलाचं अक्षर फार सुंदर आहे. रोज काट्यावर मोजून घालायची आणि शेवटच्या रकान्यात रोज लिहायची, 'काही नाही'.

पंधरा सप्टेंबरला वजन केलं. शेहेचाळीस किलो आठशे. सहा आठवडे उपाशी ठेवल्यासारखा ठेवला आणि कुत्रा सहाशे ग्रॅमनी वाढला. प्रयोगशाळेचा पहिला अहवालही आला होता. जंतूंची वस्ती सुधारायचं नाव नाही. दीपाली जाता जाता म्हणाल्या, "याला कुणीतरी बाहेरचं घालतंय. तेलातुपाचं." एवढंच म्हणाल्या. कोण, ते विचारलं नाही. पण घरात बाहेरचं माणूस एकच येत होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला गेला. त्याच दुपारी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वत्सलाचा निरोप आला. 'पद्मा ही बाई कुत्र्यांना आपल्या डब्यातलं खायला घालते. आमच्या टायगरला त्याचाच त्रास झाला. सर्वांनी काळजी घ्यावी.' शेवटी जोडलेले हात. त्याखाली सतरा जणांनी अंगठे उमटवले. मी अंगठा दिला नाही, हे खरं. पण असं काही नाही, हेही मी तिथे लिहिलं नाही. आठवडा संपायच्या आत इंदुमतीने आणि उरलेल्या दोन घरांनी पद्माला नको म्हणून सांगितलं. सहा वर्षं जिच्या हातात चाव्या होत्या तिला फाटकावरूनच परत पाठवलं. एकीने तर तिला साखळीसुद्धा धुऊन द्यायला सांगितली.

पद्मा गेली. नमुने आता जतकरांचा ड्रायव्हर नेऊन देऊ लागला. टायगर तीन आठवडे पद्माशिवाय राहिला. सहा ऑक्टोबरला वजन भरलं सत्तेचाळीस किलो शंभर.

ज्वारीच्या दोन भाकऱ्या तीन आठवडे हुबळीतच होत्या, तरी धारवाडात कुत्रा वाढला. एवढं साधं गणित वत्सलाला सुटलं नसेल असं मला वाटत नाही.

सात तारखेला सकाळी पद्मा माझ्या दारात उभी राहिली. हातात शाळेची वही.

"ये, बस."

"बसायला नाही आले. अक्का, त्या दिवशी तुम्ही गॅलरीत होता."

"होते."

"मला बघितलं आणि आत गेला."

मी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"डॉक्टरीण मॅडमकडे जायचंय. मी एकटी गेले तर ऐकतील, चहा देतील आणि सोडून देतील. तुम्ही बरोबर चला. तुमचं ऐकतात."

तिने वही माझ्यापुढे धरली. मला कन्नड वाचता येतं. दवाखान्याची सवय तिने सोडलेलीच नव्हती. प्रत्येक डबीवर झाकण लावण्याआधी तिने पाहिलं होतं आणि लिहिलं होतं. गुरुवार: तपकिरी, घट्ट, ठीक. सोमवार: पातळ, तुपकट, पिवळं. गुरुवार: तपकिरी, घट्ट. सोमवार: पिवळं, डाळीचे कण. पुढचा सोमवार: पिवळं. त्याच्या पुढचा: पिवळं, फार. अकरा ऑगस्टपासून पंधरा सप्टेंबरपर्यंत सहाच्या सहा सोमवार पिवळे.

"हे पिवळं कशाचं?" मी विचारलं आणि विचारता विचारताच माझं मला कळलं.

"भंडारा," पद्मा म्हणाली. "खंडोबाची हळद. ताटभर उधळतात ना त्या पुरणपोळ्यांवर. आमच्या घरात हळद भाजीत पडते, अक्का, एवढी पडत नाही."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच सोमवारी."

"मग बोलली का नाहीस? डबा उघडायला लावला तेव्हा तरी?"

त्यावर तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"कुणाला बोलू? आणि काय बोलू, तुमच्या देवाचा प्रसाद कुत्र्याला बाधतो म्हणून? मी बोलू? काय म्हणाले असते सांगा. यांनी आपले देव टाकले आणि आता आमच्या देवावर आल्या, असंच म्हणाले असते ना? भाकरी दाखवली ते परवडलं. भाकरी माझी होती."

मी चप्पल घातली. निघताना मला आणखी एक गोष्ट तिला सांगावी लागली. महिन्यातून एका रविवारी माझ्याकडूनही जतकरांकडे ताट जातं. आमच्या ह्यांचा रिवाज होता, तो मी चालू ठेवला. दोन पोळ्या आणि तुपाची वाटी. अशी गल्लीतून तीन-चार घरांची ताटं जातात. देवाच्या कुत्र्याला घास घातला की पुण्य लागतं. तेव्हा रविवारी टायगरच्या पोटात सहाएक पुरणपोळ्या आणि वर तूप जातं हे मला माहीत होतं. इंदुमतीला माहीत होतं. अंगठे देणाऱ्या सतरांपैकी निदान पाच-सहा जणांना माहीत होतं.

"मला ठाऊक आहे," पद्मा म्हणाली. "तुमची पोळी पातळ असते. डाळ दिसत नाही."

दीपालींनी वही दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "प्रयोगशाळेच्या अहवालात रंगाचा रकानाच नसतो. जंतूंची यादी असते, टक्के असतात. डब्या बंद येत होत्या, बंदच पुढे जात होत्या. मी एकही उघडली नाही."

"मी प्रत्येक डबी बघत होते, मॅडम," पद्मा म्हणाली. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

दीपालींचा चेहरा उतरला. उतरायलाच हवा होता. एकोणीस वर्षं हेच काम केलेली बाई आठवड्यातून दोनदा दारात डबी आणून देत होती आणि तिला एक प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नाही. "आठवडाभर नीट खाऊन आतडं जरा सावरत असेल तोवर रविवार येतो," दीपाली म्हणाल्या. "सहा पोळ्या, वर तूप. मग वस्ती सुधारणार कशी?"

मी एकटीच जतकरांकडे गेले. पद्मा फाटकाच्या आत यायला तयार नव्हती. यशवंतराव झोपाळ्यावर होते. मी सरळ विचारलं. ते अजिबात चपापले नाहीत.

"देतो की! लपवून नाही, देवासमोर देतो."

"मग तक्त्यात का नाही?"

"तक्ता खाण्याचा आहे, काकू. प्रसाद म्हणजे काय खाणं झालं?"

वत्सला स्वयंपाकघरातून आली. "अहो काकू, देवाचं काट्यावर ठेवायचं का? एवढे ग्रॅम प्रसाद, तेवढे ग्रॅम प्रसाद? उद्या तीर्थ मिलिलिटरमध्ये मोजा म्हणाल."

"प्रसाद कणभर असतो, वत्सला. सहा पोळ्यांचा नसतो."

"आमच्याकडे पूर्वीपासून असाच आहे."

"असू दे. डॉक्टर म्हणाल्या, बाहेरचं कुणीतरी घालतंय. तुझ्या डोळ्यांपुढे दर रविवारी घातलं जात होतं. आणि तू डबा उघडलास पद्माचा."

"मला काय माहीत तुपानेच होतंय ते? त्या लोकांचं खाणं वेगळं असतं काकू, तुम्हालाही माहिताय."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि आज इथे जसंच्या तसं देते आहे. ज्वारीची भाकरी आणि झुणका तिच्या ताटातही आठवड्यातून दोनदा असतो.

"वेगळं काय होतं त्यात?" मी विचारलं. "चमचा तू घातला होतास. सांग ना, काय वेगळं होतं?"

यशवंतरावांनी झोपाळा पायाने थांबवला. "कुठला डबा? कुणाचा डबा उघडला?"

त्यांना सांगितलंच गेलं नव्हतं. सोळा तारखेला ते यार्डात होते. पद्मा आपणहून काम सोडून गेली, एवढंच त्यांच्या कानावर घातलं होतं. ग्रुप ते बघत नाहीत. मी सगळं सांगितलं, भाकऱ्यांच्या आकड्यासकट. वत्सला तोपर्यंत आत निघून गेली होती.

संध्याकाळी ग्रुपवर वत्सलाचा निरोप आला. 'टायगरच्या आजाराचं कारण समजलं आहे. झालेला गैरसमज दूर झाला आहे.' जोडलेले हात. मी तो फोनवर पद्माला वाचून दाखवला.

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही."

"डबा उघडला तेव्हा गैरसमज नव्हता. तेव्हा पद्मा होती," ती म्हणाली. "नाव घालून बदनाम केलंय, नाव घालूनच मागे घ्यायला सांगा. नाहीतर राहू दे. मी हुबळीत बघेन काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जतकरांकडे गेले. वत्सला म्हणाली, "एका कामवालीसाठी तुम्ही आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणताय." मी म्हटलं, "चव्हाट्यावर तू तिचा डबा ठेवला होतास. अब्रू त्यातच होती." मला ओरडायची सवय नाही. कॉन्व्हेंटमध्ये आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं, ते आयुष्यभर पाळलं. त्या सकाळी मात्र माझा आवाज इंदुमतीच्या घरापर्यंत गेला, असं नंतर कळलं.

यशवंतराव उठले. "यार्डात मी चुकीचा भाव पुकारला तर तिथेच उभा राहून परत पुकारतो," ते म्हणाले. "घरी जाऊन चिठ्ठी पाठवत नाही. दे तो फोन." एका बोटाने, चष्मा कपाळावर सारून, त्यांनी लिहायला वीस मिनिटं घेतली. 'पद्मा मैनाळे यांनी आमच्या कुत्र्याला कधीही काहीही खायला घातलं नाही. रविवारच्या पोळ्या मी घालत होतो. त्यांचा डबा रस्त्यात उघडला ही आमच्या घराची चूक आहे. यशवंत जतकर.' जोडलेले हात नव्हते. या निरोपाखाली चार अंगठे आले. आधीचे तेरा कुठे गेले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पद्माने माझ्या घरी येऊन तो स्वतः वाचला, दोनदा. मराठी अक्षरं ती सावकाश वाचते. मग म्हणाली, "डबा यांनी नव्हता उघडला. पण असू दे. नाव आहे."

तिथून ती सरळ इंदुमतीच्या फाटकाशी गेली. मी मागे होते. इंदुमती हसत बाहेर आली. "अगं ये ये! तुझी किती वाट बघतोय तो. ही घे साखळी."

पद्माने साखळी घेतली नाही. "आधी बोला, अक्का."

"काय बोलू?"

"तुम्ही त्या दिवशी कोपऱ्यावर होता. माझ्या डब्यात काय होतं, ते बोला."

इंदुमती माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे बघितलं नाही. आतून कुत्रा भुंकत होता.

"भाकरी होती," इंदुमती म्हणाली.

"किती?"

"दोन. आणि झुणका." मग साखळी गोळा करत, "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं गं."

"हो, पाहिजे होतं," पद्मा म्हणाली आणि साखळी घेतली.

आज डिसेंबरची नऊ तारीख. उरलेल्या दोन घरांपैकी एकाने पद्माला बोलावलं, दुसऱ्याने नाही. टायगरला रविवारी आता पोळीचा एवढासा तुकडा मिळतो, तूप नाही. बाकीच्या ताटांना दीपालींनी बंदी घातली आहे. वजन दीड किलोने उतरलंय, जंतूंचा नवा अहवाल यायचा आहे. त्याला यशवंतराव स्वतः फिरवतात. जतकरांकडून पद्माला दोनदा निरोप आला. ती गेली नाही.

वत्सला तिच्याशी अजून एक शब्दही बोललेली नाही. रस्त्यात समोरासमोर आल्या की वत्सला फोन काढून बघायला लागते. पद्मा कुत्र्याला थांबवते, स्वतः थांबते, वत्सला फाटकाच्या आत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहते, आणि मग पुढे चालते.